निचरा चरांतील पाणवनस्पतींचे कुजणे

शेतातले जादा पाणी वाहून नेणाऱ्या चरांत आणि नाल्यांत वाढलेल्या वनस्पती मेल्या की कुजतात आणि त्यांच्यातले नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) पुन्हा पाण्यात उतरते. मराठवाड्यात हे प्रामुख्याने कालव्यांच्या लाभक्षेत्रात घडते. पैठणहून निघालेल्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा जालना-परभणीचा पट्टा, उजव्या कालव्याखालचा बीड जिल्ह्याचा भाग आणि पूर्णा प्रकल्पाखालचा वसमतचा परिसर ही त्याची ठळक ठिकाणे. काळ्या भारी जमिनीत पाणी हळू मुरते. त्यात उसाला मोकाट पाणी दिले की जमीन चिबडते, म्हणजे पाणी साचून दलदलीसारखी होते, आणि चर काढावे लागतात. युरियातल्या नत्राचा काही अंश या चरांत नायट्रेटच्या रूपाने येतो आणि त्यावर वनस्पती फोफावतात.

संथ पाण्यावर दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी तरंगते, पाण्याखाली हायड्रिला व शेवाळ असते, गाळात पाणकणीस मूळ धरते. काठावर बेशरम हे झुडूप असतेच. कितीही तोडा, नावाला जागते.

तरंगणारी जलपर्णी आपले अन्न मुख्यतः पाण्यातूनच घेते, त्यामुळे तिच्या कुजण्याने चरात नवे खत पडत नाही. आधी शोषलेलेच परत येते, फक्त वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रूपात. पाणकणसाचे तसे नाही. ते गाळात पुरलेले स्फुरद मुळांनी वर ओढते आणि पाने कुजली की ते पाण्याच्या हवाली करते. म्हणजे इथे खरोखर भर पडते.

मेलेल्या जलपर्णीतून पालाश सर्वांत आधी सुटते, बहुतेक पहिल्या काही दिवसांतच. विरघळणारे स्फुरदही त्याच्या मागोमाग निघते. पाणी काढ्यासारखे तपकिरी होते ते याच वेळी. नत्र प्रथिनांत अडकलेले असल्याने जिवाणूंनी ती फोडल्यावर अमोनियमच्या रूपात बाहेर पडते. पाणकणसाच्या वाळक्या पानांत कर्ब (कार्बन) जास्त व नत्र कमी असते. ती कुजवताना जिवाणू सुरुवातीला उलट पाण्यातलेच नत्र ओढून घेतात. हायड्रिला मात्र मऊ असल्याने लवकर सडते.

कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. चरात काठी खुपसली की बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि काठीला काळा गाळ लागून येतो. अशा गाळात लोहाशी बांधलेले स्फुरद मोकळे होते. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शियमशी बांधलेला असतो. तो प्राणवायू संपल्याने सुटत नाही, पण कुजताना सामू (पीएच) उतरला तर थोडा विरघळतो. नायट्रेटचे गणित नेमके उलटे चालते. कुजणाऱ्या वनस्पतींचा कर्ब खाऊन जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतात आणि तो हवेत निघून जातो. त्यामुळे केवळ नायट्रेट तपासले तर चराचे पाणी स्वच्छ वाटते, प्रत्यक्षात त्यात अमोनियम व स्फुरद भरपूर असू शकते. पाणी विम्लधर्मी (अल्कधर्मी) व तापलेले असले तर अमोनियमचा काही भाग मुक्त अमोनिया होतो आणि मासे मरतात.

आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीने सोडले जाणारे पाणी, बंद झाले की चरातले पाणी साचते, उन्हाळ्यात आटते आणि वनस्पती जागीच वाळतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात हा सगळा साठा एकदम वाहून खालच्या ओढ्यात, तलावात जातो. साफसफाईच्या वेळेला म्हणूनच महत्त्व आहे. पावसाच्या तोंडावर उपसून काठावर टाकलेल्या ढिगाचा अर्क पुन्हा चरातच उतरतो. जेसीबीवाले सहसा काठावरच ढीग लावतात, कारण ते स्वस्त पडते. तणनाशकाने सगळी जलपर्णी एकाच वेळी मारली तर परिणाम आणखी तीव्र होतो. सारे एकदम कुजते आणि प्राणवायू झपाट्याने खाली येतो.

उपसलेली जलपर्णी शेणात मिसळून खड्ड्यात कुजवली तर पालाशयुक्त खत मिळते. ताज्या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणून आधी ती चरापासून दूर सुकवून घेतात. तिचे बी अनेक वर्षे जिवंत राहते. खड्डा चांगला तापला नाही तर तेच खत पुढच्या चरात जलपर्णी पेरते.