नागपुरात उघडणारी सीडी गावात का उघडत नाही?

गडचिरोली, गोंदिया किंवा यवतमाळच्या खेड्यातून पेशंट एमआरआयसाठी नागपूरला जातो, तेव्हा फिल्मसोबत एक सीडीही हातात पडते. तालुक्याच्या डॉक्टरांनी ती कम्प्युटरमध्ये घातली, की ड्राइव्ह दोनचारदा घरघरते आणि पडद्यावर येतं, ‘डिस्क घाला’. सेंटरला फोन केला तर उत्तर ठरलेलं असतं: “आमच्याइथं तं चालून राह्यली ना काका, तुमचाच कम्प्युटर खराब असन.” लग्नाच्या डीव्हीडीबद्दल फोटो स्टुडिओवालेही हेच सांगतात. ते खोटं बोलत नसतात. पण ज्या ड्राइव्हनं डिस्क लिहिली तिनंच ती वाचली, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कारखान्यात छापलेल्या सीडीच्या प्लास्टिकवर खरोखरचे सूक्ष्म खड्डे असतात. आपण लिहितो त्या सीडी-आरमध्ये खड्ड्यांऐवजी सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर चकाकता धातू. लिहिताना लेझरच्या उष्णतेनं रंग जागोजागी बदलतो, तिथून प्रकाश कमी परततो. वाचताना तोच फरक मोजला जातो. या खुणा आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असतात. शेजारच्या दोन वेढ्यांत अंतर १.६ मायक्रॉन, आणि रेषा सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. म्हणून डिस्क उजेडात तिरपी धरून बघावी. मधल्या छिद्राभोवती वेगळ्या छटेचा पट्टा दिसला, तर लिहिण्याचं काम निदान सुरू झालं होतं. पट्टाच नसेल तर तुमच्या हाती कोरी डिस्क आली आहे. (असंही होतं, गर्दीच्या दिवशी हमखास.)

पट्टा दिसतो, तरी डिस्क रिकामी वाटते? मग माझा पहिला संशय सेशन बंद न केल्याचा. माहिती लिहून झाल्यावर डिस्कच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका लिहावी लागते, यालाच सेशन बंद करणं म्हणतात. तोवर लिहिणारी ड्राइव्ह कच्ची नोंद एका वेगळ्या पट्ट्यात ठेवते आणि तो पट्टा फक्त रायटर जातीच्या ड्राइव्हच वाचतात. फेरफार तलाठ्याच्या वहीत आहे पण सातबाऱ्यावर चढलेला नाही, तसं हे. तलाठ्याला सगळं ठाऊक, बँकेला काहीच नाही. लिहिता लिहिता लाइट गेली की नेमकं हेच होतं. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये यूपीएसशिवाय डिस्क लिहायला बसूच नये.

विंडोज ७पासून कोरी डिस्क घातल्यावर एक प्रश्न येतो: ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात यूडीएफ नावाची मांडणी वापरली जाते आणि ती अनेक जुन्या कम्प्युटरांना, टीव्हीला जोडलेल्या प्लेअरना कळत नाही. दुसऱ्याला द्यायची डिस्क असेल तर दुसराच पर्याय घ्यावा.

एमआरआयच्या सीडीत आणखी एक गंमत असते. बऱ्याचदा डिस्क उत्तम वाचली जाते, गडबड पुढे होते. डायकॉम या वैद्यकीय मानकानुसार डिस्कवरच्या फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ मोठ्या अक्षर-अंकांचं असतं आणि त्याला जेपीजीसारखं शेपूट नसतं. विंडोजला कळत नाही की हे चित्र आहे. सोबत दिलेला व्ह्यूअर, म्हणजे ही चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम, बहुधा विंडोजपुरताच असतो, शिवाय काही ठिकाणी अँटिव्हायरस तो अडवतो. लिनक्सवाल्या कम्प्युटरवर तो सहसा चालतच नाही. अशा वेळी डिस्कला दोष न देता कम्प्युटरवर मोफत मिळणारा एखादा डायकॉम व्ह्यूअर टाकावा आणि त्यातून ‘डायकॉमडीआयआर’ ही फाइल उघडावी.

ड्राइव्हचाही दोष असतो, पण तो ओळखता येतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५०चा. सीडी-आरचा रंग ७८०साठी बनवलेला असतो. ६५०च्या उजेडात ती पुरेशी चमकतच नाही. त्यामुळे डीव्हीडी ड्राइव्हमध्ये दोन्ही लेझर ठेवावे लागतात, आणि त्यातला एक आधी थकू शकतो. डीव्हीडी चालतात, सीडी मात्र एकही चालत नाही, असं दिसलं तर ड्राइव्ह बदला. दोन्ही अडखळत असतील तर आधी भिंगावरची धूळ बघा. जिनिंगच्या गावात कापसाची तूसही तिथवर पोचते.

राहिला हवामानाचा भाग. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या डिस्कचा रंग ऊन आणि उष्णतेनं बिघडत जातो. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, कारण चूक सुधारण्याची गणिती सोय डिस्कवरच केलेली असते. सीडीच्या वरच्या बाजूला मात्र बॉलपेननं नाव लिहू नका. चकाकता थर तिथं लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो.

न उघडणारी डिस्क आधी मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवू नका, कारण गोल ओरखडा रेषेच्या दिशेनंच जातो. तरीही नाही, तर ती लिहिलेल्याच कम्प्युटरकडे परत न्या. तिथं सेशन बंद करून मिळतं का बघा, आणि त्याच बैठकीत सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. नवी लिहून घेणार असाल तर वेग मधला ठेवायला सांगा. सगळ्यात जास्त वेगानं खुणा पुसट उठू शकतात, आणि अगदी कमी वेगही हल्लीच्या डिस्कना मानवतोच असं नाही. बस पकडण्याआधी ती काउंटरवरच्या दुसऱ्या कम्प्युटरवर लावून दाखवायला सांगा.