बी पेरल्यावर "काहीच होत नाहीये" तेव्हा नक्की काय चाललेलं असतं?

नर्सरीतून फुलं लागलेलं रोप आणून कुंडीत लावणं कधीही सोपं. तरी एकदा बियांपासून रोपं करायची सवय लागली की माणूस काही सुधारत नाही, सकाळी उठल्या उठल्या आधी ट्रेकडे जातो, कालच्यासारखीच काळी माती बघतो, आणि संध्याकाळी परत जाऊन तीच माती बघतो. पण त्यात मजा आहे हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, आणि माझ्या मते ती मजा फुलात कमी आणि ह्या वाट बघण्यात जास्त आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांना रस पाजून त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनवाल्या पेशी (डोपामिन म्हणजे बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं रसायन) कधी चालतात ते मोजलं होतं. रस अचानक मिळाला की पेशी जोरात, पण आधी खूण दाखवून दर वेळी ठरल्याप्रमाणे रस मिळायला लागला की रसाच्या वेळी त्या गप्प! 2003 मध्ये त्याच्या टीमने अजून एक गोष्ट दाखवली, की खूण दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या मधल्या वेळात ह्या पेशींची हालचाल चढत जाते, आणि रस मिळायची शक्यता 50 टक्के असेल तेव्हा ती सगळ्यात जास्त चढते. आता माकडांचा रस आणि आपल्या मिरचीच्या बिया एकच असं मी म्हणणार नाही, पण "उगवेल की नाही" ह्या धाकधुकीत माणूस का रमतो ह्याचा थोडा अंदाज तरी येतो. विकत आणलेल्या रोपात ती धाकधूकच नसते ना.

बरं, मातीखाली ह्या वेळात काय चाललेलं असतं? पहिलं काम पाणी पिणं, आणि हे इतकं साधं काम आहे की मेलेली बी पण ते करते! म्हणजे भिजवलेली बी टम्म फुगली म्हणून ती जिवंत आहे असं समजून खूश होऊ नका.

खरी गंमत त्याच्या पुढे. बार्लीच्या दाण्याचे दोन तुकडे केले, एकात गर्भ (ज्याचं पुढे रोप होतं तो भाग) आहे आणि दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही भिजवले तर बिनगर्भाच्या तुकड्यातलं पिठूळ स्टार्च तसंच पडून राहतं. पण त्याला जिबरेलिन नावाचं हार्मोन दिलं की स्टार्चची साखर व्हायला लागते. हे 1960 मध्ये जपानमधे आणि ऑस्ट्रेलियात वेगवेगळं काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे तो एवढासा गर्भ पाणी मिळाल्यावर हार्मोन सोडून सांगतो, आता शिदोरी सोडा, मग दाण्याच्या सालीजवळचा थर स्टार्च फोडणारं एन्झाइम बनवतो आणि जेवण सुरू होतं.

आणि ही शिदोरी मोजकीच असते. हिरवी पानं उघडून प्रकाशावर अन्न बनवेपर्यंत रोप फक्त खर्च करत असतं, साठवलेली साखर श्वासात जाळून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतं. त्यामुळे पाणी काढून नुसतं कोरडं वजन केलं तर पहिल्या काही दिवसांत रोप डोळ्यादेखत वाढतंय पण वजन मात्र बीपेक्षा कमी होत चाललंय असं दिसतं. बारीक बी खोल पेरली की ती का येत नाही ते इथे कळतं, वर पोचायच्या आधीच तिचा साठा संपतो.

बारीक बियांकडे ह्याच्यावर एक उपाय आहे, त्यातल्या बऱ्याच बिया उगवायच्या आधी उजेड तपासतात. 1952 मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला लेट्यूसच्या बियांवर आलटून पालटून लाल आणि गडद लाल (म्हणजे लालच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) प्रकाश टाकला गेला. लालने उगवायच्या, गडद लालने थांबायच्या, आणि कितीही वेळा उलटसुलट केलं तरी फक्त शेवटचा झोत कुठला एवढंच बी लक्षात घ्यायची. मोठ्या झाडाच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडात गडद लाल भाग जास्त असतो, म्हणजे वर आधीच कोणीतरी सावली धरून बसलंय हे बीला मातीत बसून कळतं!! म्हणून लेट्यूससारख्या बिया नुसत्या मातीवर भुरभुरायच्या, वर थर घालायचा नाही.

मधेच माती उकरून बघायचा मोह होतो, कृपया नको. पहिलं बाहेर पडतं ते मूळ, त्याच्यावरचे केस इतके नाजूक असतात की जरा हललं की तुटलेच.

मग घेवड्यासारखी रोपं मान वाकवून वर येतात, म्हणजे कोवळं टोक मातीत घासत नाही. ही वाकलेली मान धरून ठेवण्यात इथिलीन वायूचा हात असतो, तोच फळं पिकवणारा. माती जड लागली की रोपात इथिलीन वाढतं आणि देठ जाड होतो. ह्या वायूचा झाडांवरचा परिणाम 1901 मध्ये नेल्यूबोव्ह नावाच्या रशियन माणसाला सापडला तो वाटाण्यामुळे, प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या गॅसने त्याची रोपं जाड, बुटकी आणि आडवी व्हायला लागली होती.

उजेड दिसला की मान सरळ होते, दोन दलं उघडतात, आणि आपण फोटो काढतो. पण उजेड कमी पडला तर रोपं लांबुळकी होऊन लोळतात, तेव्हा ट्रे आधी भरपूर उजेडात न्या. शिवाय घरात वाढवलेल्या रोपांना वारा लागत नाही, त्यामुळे रोज थोडा वेळ तळहात त्यांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवा. अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्डेकाय जाफीने 1973 मध्ये दाखवलं होतं की देठ रोज काही सेकंद चोळला तरी बऱ्याच झाडांची उंची कमी वाढते, आणि अशी रोपं बुटकी पण दणकट होतात. पानं ओली असताना मात्र हात लावू नका, एका रोपाचा रोग त्या हाताने सगळ्या ट्रेभर जातो.