कमांड

कमांड हा आज्ञा, हुकमत आणि प्रभुत्व या अर्थांनी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. तो नामही आहे आणि क्रियापदही. त्याच्या मुळाशी 'मांदारे' हे लॅटिन क्रियापद आहे. हात आणि देणे या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले, म्हणजे एखाद्याच्या हाती सोपवणे. जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. मँडेट, डिमांड आणि कमेंड ही त्याचीच भावंडे. सोपवण्याचा हा अर्थ ध्यानात ठेवला, तर शब्दाचे बरेचसे विखुरलेले उपयोग एका सूत्रात येतात.

लष्करात ऑर्डर आणि कमांड यांत फरक केला जातो. ऑर्डर म्हणजे अमुक करा असा आदेश. कमांड म्हणजे असे आदेश देण्याचा पदसिद्ध अधिकार आणि त्याला जोडलेली जबाबदारी. सेनापती आपले अधिकार हाताखालच्यांना वाटून देऊ शकतो, जबाबदारी मात्र त्याच्यावरच राहते. त्याच्या अधिकाराखालच्या सैन्यविभागालाही कमांडच म्हणतात. कवायतीत दिलेला हुकूमही कमांडच, आणि तो बहुधा दोन भागांत येतो: 'क्विक मार्च'मध्ये 'क्विक' हा सावध करणारा शब्द, 'मार्च' उच्चारताच पाऊल उचलायचे. याउलट १९व्या शतकातील प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात रुजलेली, पुढे 'मिशन कमांड' म्हणून ओळखली गेलेली पद्धत अशी, की काय साधायचे ते वरिष्ठाने सांगावे आणि कसे ते रणांगणावरच्या अधिकाऱ्यावर सोडावे. मूळ अर्थाशी इतके इमान राखणारा दुसरा लष्करी वापर नाही.

रोजच्या इंग्रजीत मात्र हुकूम देणारा कोणी नसतानाही कमांड येतो. भाषेवर कमांड असते, डोंगरावरचा किल्ला खालच्या खिंडीला कमांड करतो, म्हणजे ती त्याच्या नजरेच्या आणि माऱ्याच्या टप्प्यात असते. आदर डिमांड करणारा तो मागून घेतो. कमांड करणाऱ्याला तो न मागता मिळतो. अशा ठिकाणी मराठीत 'आज्ञा' घातली की अर्थच बुडतो.

कमांडो हा शब्द पोर्तुगीज आणि डच भाषांतून दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या, म्हणजे तिथल्या मुख्यतः डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, नागरी लढाऊ पथकांना लागला. १९४० मध्ये ब्रिटनने आपल्या छापामार तुकड्यांसाठी तो उचलला.

संगणकात कमांड म्हणजे यंत्राला दिलेली एकेक सूचना. इथे सोपवण्याला जागाच नाही: एक अक्षर चुकले, तरी यंत्र आपला हेतू ओळखून काम पुरे करील याची खात्री नसते.