पत्रे अबंधित, पन्हळ बंधित

ग्रामसभेत एक मोबाईल हमखास वर होतो. त्यावर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या जमाखर्चाच्या सरकारी पोर्टलच्या पानाचा स्क्रीनशॉट असतो आणि शिल्लक रकमेभोवती लाल गोल. "खात्यात पाच लाख पडून आहेत आणि शाळा गळतीये. पैसे कुणासाठी दाबून ठेवलेत?" भाऊसाहेब, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, उठतात, "तो बंधित निधी आहे" एवढं म्हणतात आणि बसतात. उत्तर खरं असतं, पण अर्धं. ऐकणारा घरी जाऊन सांगतो, सरकारनं पैसे गोठवलेत. दुसरा सांगतो, सरपंचांनी अडवलेत. आठ दिवसांत तिसरी आवृत्ती येते, निधी परत गेला.

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. बंधित आणि अबंधित या दोन शब्दांवरून झालेली भांडणं मोजायची सोडून दिली होती. चीड याची येते, की भांडणारे आणि उत्तर देणारे बहुतेक प्रामाणिक असतात. शब्द कळलेला नसतो एवढंच, आणि त्यात नुकसान शाळेतल्या पोरांचं होतं.

अबंधित निधी बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळं त्यावर फार वेळ घालवत नाही. केंद्राच्या वित्त आयोगाच्या शिफारशीनं पंचायतीला जो पैसा मिळतो, त्यातला हा मोकळा हिस्सा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत: रस्ते, प्राथमिक शिक्षण, अपारंपरिक ऊर्जा, महिला व बालकल्याण वगैरे. त्यांपैकी गावाला ज्याची गरज असेल त्यावर हा खर्च करता येतो. पगार आणि आस्थापनेचा खर्च मात्र यातून होत नाही. गावातला सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि देणगीदारासारखी सदस्यांची नावं रंगवलेली बाकडी बहुतेक यातूनच येतात. बाकड्यांबद्दलचं माझं मत पुढं येईलच.

बंधित म्हणजे कामाला बांधलेला. त्याला कुलूप नसतं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केलेली विभागणी अशी: ४० टक्के अबंधित, ६० टक्के बंधित. बंधितचे पुन्हा दोन सारखे भाग. ३० टक्के स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, म्हणजे घनकचरा, सांडपाणी, मैलागाळ. उरलेले ३० टक्के पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. त्याआधीच्या २०२०-२१ या एका वर्षात प्रमाण निम्मं-निम्मं होतं. म्हणून जुन्या पंचायतीची आकडेवारी नव्या पंचायतीच्या तोंडावर फेकू नये, दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दोन्ही निधी एकाच आयोगाचे, वर्षातून दोन हप्त्यांत येणारे, त्याच पोर्टलवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत होतो ते) यांच्या डिजिटल सह्यांनी खर्च होणारे. दोन्हींची कामं आधी गावाच्या विकास आराखड्यात असावी लागतात. महाराष्ट्रात पंधराव्या आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळायचा. एवढं कळलं तरी पुरे.

घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो, आणि तो शिकलेली माणसंही करतात. त्यांना वाटतं, काम कुठं आहे त्यावरून निधी ठरतो. शाळा म्हटली की शिक्षण, शिक्षण म्हटलं की अबंधित. गटार म्हटलं की बंधित. हे चूक आहे. निधी ठरतो तो काम काय आहे त्यावरून. जागा शाळेची असो, अंगणवाडीची असो की देवळामागची, पाणी आणि स्वच्छता आली की तिथं बंधित निधी चालतो.

शाळेचंच उदाहरण घ्या. वर्गावरचे पत्रे बदलायचे, तर अबंधित. त्याच पत्र्यांच्या कडेला पन्हळ लावून पावसाचं पाणी खालच्या टाकीत उतरवायचं, तर ते पर्जन्यजल संकलन, म्हणून बंधित. वर्गाची फरशी, फळा, खिडक्यांची तावदानं अबंधित. मुलींच्या शौचालयाची दुरुस्ती, त्याचा शोषखड्डा, पोरांना हात धुवायची नळांची रांग बंधित. नळजोडणी आणि पिण्याच्या पाण्याची टाकी पुन्हा बंधित, पण पाण्याच्या भागातून. एकाच आवारात, दहा पावलांच्या अंतरावर, निधीची तीन वेगवेगळी शीर्षं, म्हणजे खाती.

हे पाठ करायची गरज नाही. एकच प्रश्न विचारायचा: यातून पाणी येणार आहे, साठणार आहे किंवा घाण जाणार आहे का? उत्तर हो आलं, की आधी बंधितचं दार ठोठवायचं.

"आधी" हा शब्द मी जाणून वापरलाय, कारण हे दार एकाच बाजूनं उघडतं. अबंधित निधी पाण्यावर आणि स्वच्छतेवरही खर्च करता येतो, कारण तेही २९ विषयांतलेच आहेत. बंधित निधी मात्र पत्र्यांवर, फरशीवर किंवा रस्त्यावर नेता येत नाही. बंधितच्या दोन भागांत तेवढी अदलाबदल होते: गावाची स्वच्छतेची गरज पूर्ण भागली असेल आणि ग्रामसभेनं तसं प्रमाणित केलं, तर तो पैसा पाण्याकडे वळवता येतो, किंवा उलट. पण पाणी-स्वच्छतेच्या कुंपणाबाहेर तो जात नाही. म्हणजे अबंधितचा प्रत्येक रुपया मौल्यवान आहे. जिथं बंधित चाललं असतं तिथं अबंधित वापरलं, तर तो रुपया पुन्हा कशानंच भरून निघत नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं, आणि त्या ठरावाला मीही हात वर केला होता. त्या वर्षी पंचायतीला नऊ लाख आले. अबंधित ३ लाख ६० हजार, बंधित ५ लाख ४० हजार. पथदिव्यांच्या बिलांपोटी अबंधितमधले ९० हजार गेले. शाळेच्या शौचालयाची दुरुस्ती आणि हात धुण्याचं ठिकाण मिळून १ लाख ८० हजारांचं काम आराखड्यात "शाळा दुरुस्ती" म्हणून अबंधितखाली नोंदवलं गेलं. नाव शाळेचं होतं म्हणून. कुणी विचारलं नाही, मीही नाही. उरले ९० हजार. मग शेवटच्या दोन वर्गांच्या पत्र्यांचं अंदाजपत्रक आलं: २ लाख २० हजार.

पैसे नव्हते. म्हणजे होते, पण त्या कामाला चालणारे नव्हते. स्वच्छतेच्या खात्यात २ लाख ७० हजारांपैकी पुरते तीस हजारही खर्ची पडले नव्हते. शौचालयाचं काम तिथं टाकलं असतं तर अबंधितमध्ये २ लाख ७० हजार राहिले असते. पत्रे बसून वर पन्नास हजार उरले असते. त्या पावसाळ्यात तिसरीची आणि चौथीची पोरं व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसली. एका बाईंनी दोन्ही वर्ग घेतले. मधल्या जागेत बादली ठेवलेली असायची आणि ती भरली की चौथीतलाच एकजण उठून ओतून यायचा. मी त्या शाळेत शिकलेय. ती बादली मला अजून दिसते.

आणि त्याच वर्षी ग्रामसभेत तो स्क्रीनशॉट आला होता. पैसे पडून आहेत हा आरोप खराच होता. पण चोर शोधत बसलो आणि मूळ चूक, आराखड्यातली ती एक ओळ, कुणी उघडूनच पाहिली नाही.

विजेच्या बिलाचा घोळ थोडा वेगळा आहे. "वीजबिल" असं एक खातं लोकांच्या डोक्यात असतं, पण वित्त आयोगाच्या हिशेबात तसं काही नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं सांगितलं, की पथदिव्यांची बिलं अबंधित निधीतून भरायची आणि पाणीपुरवठ्याची बंधित निधीतून. अनेक सरपंचांनी त्याला विरोध केला आणि मला तो पटतो, कारण विकासाच्या पैशातून बिलं भरायची म्हटल्यावर सगळ्यात आधी अबंधितचा लहान हिस्सा खंगतो. पण नियम समजून घेतला तर तोच धागा दिसतो. विहिरीवरची मोटार गावाला पाणी देते, म्हणून तिचं बिल पाण्याच्या भागातून. खांबावरचा दिवा पाणी देत नाही आणि घाणही नेत नाही, म्हणून अबंधित. दोन्ही बिलं एकाच कंपनीकडून, एकाच गठ्ठ्यात येतात, म्हणून ती एकाच शीर्षात टाकायची सवय लागते. गठ्ठा सोडवून मीटरनिहाय वेगळा करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास प्रत्येक पंचायतीनं घालवलाच पाहिजे. आमच्याकडे एका वर्षी पंपाची दोन बिलं पथदिव्यांत मिसळली होती आणि ती रक्कम अबंधितमधून गेली. पुन्हा तेच, न भरून येणारं नुकसान.

शाळेचं वीजबिल आम्ही ग्रामनिधीतून भरत होतो, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर वगैरे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून. त्या पैशावरही हक्काचे वाटे आहेत: १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ते वाटे वित्त आयोगाच्या बंधितशी जोडू नयेत. "बंधितमधून दिव्यांगांचा पाच टक्के निधी का दिला नाही" हा प्रश्न मी तीन ग्रामसभांत ऐकला. मागणी रास्त होती, पेटी चुकीची होती. पेटी चुकली की अधिकाऱ्याला "नियमात नाही" म्हणून मोकळं होता येतं, आणि दिव्यांग माणूस रिकाम्या हातानं घरी जातो.

सफाईतही एक उपघोळ आहे. कचरा गोळा करायची गाडी, गांडूळखताचे खड्डे, घरगुती सांडपाण्याचं गटार आणि त्याच्या टोकाचा शोषखड्डा, हे सगळं स्वच्छतेच्या बंधित भागात बसतं. पण पंचायतीच्या कायम सफाई कर्मचाऱ्याचा पगार त्यात बसत नाही. "स्वच्छतेचे पैसे आलेत, मग मामांचा पगार का थकला?" असं विचारणाऱ्यांचा राग मला समजतो. त्या रागाचं खरं ठिकाण वसुली आहे. घरपट्टी थकली की पगार थकतो. आणि थकबाकीदारांत सभेत सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांची नावं निघतात, हे मी पावतीपुस्तक उलटून पाहिलेलं आहे.

आता बाकड्यांबद्दल. अबंधित निधी वर्षाला तीन-चार लाख असेल, त्यातून बिलं जाणार असतील, तर उरलेल्यावर पहिला हक्क शाळेच्या वर्गखोल्यांचा आणि अंगणवाडीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक आणि बाकडी नंतर. शौचालयाला, नळाला, गटाराला बंधित आहे. वर्गाच्या छपराला पंचायतीकडे अबंधितशिवाय दुसरा आधार जवळपास नाही. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची असते हे मान्य. मोठं बांधकाम, धोकादायक खोलीचं निर्लेखन (ती वापरातून बाद करणं), नवी खोली हे सगळं तिकडूनच व्हायचं. पण ते होईपर्यंत दोन-चार पावसाळे जातात, आणि पत्रे बदलायला, कौलं चाळायला पंचायत पुरेशी असते.

हे सगळं ठरतं आराखड्याच्या वेळी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची बोलणी सुरू होतात आणि तिथंच प्रत्येक कामापुढं निधीचं शीर्ष लिहिलं जातं. तिथं हजर राहा. कामांची यादी वाचली जाईल तेव्हा प्रत्येक कामाला "भाऊसाहेब, हे कुठल्या निधीतून?" असं विचारा. उत्तर अबंधित आलं आणि कामात नळ, टाकी, शौचालय, गटार यांतलं काही असेल, तर लगेच विचारा, "हे बंधितमध्ये का नाही?" मार्चमध्ये स्क्रीनशॉट घेऊन येण्यापेक्षा ऑक्टोबरमधला हा प्रश्न दहापट कामाचा. शौचालय आणि वर्गदुरुस्ती एकाच ओळीत "शाळा दुरुस्ती" म्हणून लिहू देऊ नका. दोन ओळी करायला लावा.

आम्ही पुढच्या वर्षी तसं केलं. शाळेच्या नावावर आराखड्यात तीन ओळी होत्या. पत्रे अबंधितमधून मे महिन्यात बसले, पन्हळ आणि टाकी बंधितमधून जूनच्या पहिल्या आठवड्यात. पहिला मोठा पाऊस आला त्या दिवशी बाईंचा फोन आला. टाकी भरून वाहत होती आणि पोरं ती बघायला वर्गातून पळाली होती.