सामुदायिक आरोग्यसेवांची फेररचना (इंग्लंड)

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) मोठ्या रुग्णालयांबाहेरच्या सेवांचे पैसे देणारी आणि त्या पुरवणारी यंत्रणा वेगळ्या करण्याची प्रक्रिया. घरी येऊन ड्रेसिंग करणारी परिचारिका, तान्ह्या बाळांच्या घरी जाणारी हेल्थ व्हिजिटर, फिजिओथेरपी, पायांची निगा, छोटी सामुदायिक रुग्णालये हे सारे यात मोडते. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद स्वतःच चालवते. ‘१०८’ रुग्णवाहिका मात्र कंत्राटावर धावते. इंग्लंडमधला वाद अशाच दोन पद्धतींमधला आहे.

२००२ पासून प्रायमरी केअर ट्रस्ट या एनएचएसच्या स्थानिक सार्वजनिक संस्था पैसे देणे आणि सेवा पुरवणे ही दोन्ही कामे करत. त्यांनी सेवा पुरवणे सोडावे, असा आदेश जुलै २००५ मध्ये निघाला. कर्मचारी संघटना खवळल्या आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. २००९ मध्ये हाच विचार नव्या कार्यक्रमातून परतला. या वेळी सेवा रुग्णालयाकडे, मानसिक आरोग्य ट्रस्टकडे, स्वतंत्र सामुदायिक ट्रस्टकडे किंवा कर्मचाऱ्यांच्या सामाजिक उपक्रमाकडे (नफा सेवेतच गुंतवणाऱ्या संस्थेकडे) सोपवता येणार होत्या. बहुतेक हस्तांतरे २०११ पर्यंत उरकली. मार्च २०१३ अखेर प्रायमरी केअर ट्रस्टच बरखास्त झाले, म्हणजे घडी बसायच्या आत खरेदीदारही बदलला.

मुख्य अडचण मोजमापाची. रुग्णालयांना बऱ्याच उपचारांचे पैसे प्रत्येक रुग्णामागे ठरलेल्या दराने मिळत, सामुदायिक सेवांना मात्र वर्षाची एकठोक रक्कम. रुग्ण वाढले तरी रक्कम तीच, त्यामुळे परिचारिकेची यादी तेवढी लांबत जाते. नोंद होते ती ‘भेटीं’ची. इंजेक्शनची दहा मिनिटे आणि पायाच्या व्रणावर थरांची दाबपट्टी बांधण्यात गेलेला पाऊण तास, दोन्हींची भेट एकच. अशा आकड्यांवर निविदा काढली, की जखम भरली का हे कोणी विचारत नाही. भेटी आखडणारा स्वस्त ठरतो. सेवा रुग्णालयाच्या हाती गेली तर भीती उलटी: तिचा निधी खाटा आणि तातडीच्या विभागाकडे वळतो.

कर्मचाऱ्यांची चिंता निवृत्तिवेतनाची होती. हस्तांतरित झालेल्यांचे एनएचएस निवृत्तिवेतन सहसा टिके, पण सामाजिक उपक्रमात नव्याने रुजू होणाऱ्यांना अनेक वर्षे ते मिळत नव्हते; साहजिकच भरती अवघड. शिवाय पहिले कंत्राट संपले की खुली स्पर्धा. २००६ साली स्थापन झालेला, कर्मचाऱ्यांच्या मालकीचा सेंट्रल सरे हेल्थ हा उपक्रम आदर्श म्हणून मिरवला जाई. २०११ मध्ये सरे परगण्यातल्याच मोठ्या कंत्राटासाठी तो व्हर्जिन समूहाच्या कंपनीपुढे हरला.

सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिजशायर परगण्याचे. वृद्धांच्या आणि प्रौढांच्या सामुदायिक सेवांचे पाच वर्षांचे, सुमारे ८० कोटी पौंडांचे कंत्राट युनायटिंगकेअर या भागीदारी संस्थेला मिळाले. ती दोन एनएचएस ट्रस्टनीच उभारली होती. काम एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबरात कोसळले. खर्चाची खात्रीलायक आकडेवारी हाती नसताना, किमतीचे वाद मिटण्याआधीच सेवा सुरू केली होती. त्यात एक मामुली वाटणारी चूक महागात पडली: युनायटिंगकेअर कायद्याने एनएचएस संस्था नव्हे तर मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) असल्याने एनएचएस संस्थांप्रमाणे व्हॅटचा परतावा तिला मिळेना. खासगी कंपनी आली म्हणूनच असे होते, हा आक्षेप इथे लागू पडत नाही; दोष कंत्राटाच्या बांधणीत होता.

२०२२ च्या कायद्याने सक्तीच्या निविदांना पूर्णविराम देण्याची वाट मोकळी केली. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, काम समाधानकारक असेल तर ठरावीक अटींवर त्याच पुरवठादाराला स्पर्धेविना पुन्हा कंत्राट देता येते. एकठोक रकमेची पद्धत मात्र अजून बऱ्याच ठिकाणी तशीच आहे.