ओझर ते दिल्ली: 990 किलोमीटर, मग दोन तास कशाला?

"मामा, 990 भागिले 850 म्हणजे एक तास दहा मिनिटं. मग तिकिटावर जवळजवळ दोन तास कसे?"

नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर बसल्या बसल्या, विमानाचा वेग ताशी 850 किलोमीटर धरून, भाचीने हिशेब मांडला. आठवीतली मुलगी, भागाकार बिनचूक होता.

आधी हे 990 आले कुठून ते पाहू. रस्त्याने दिल्ली बाराशे किलोमीटरहून लांब आहे. विमानाचं अंतर मात्र अक्षांश-रेखांशांवरून काढतात आणि ते वहीतही जमतं. ओझर साधारण 20.1 अंश उत्तरेला, दिल्लीचा विमानतळ 28.6 अंशांच्या जरा अलीकडे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे साधारण 935. रेखांशांत फरक 3.2 अंशांचा, पण तिथे 111 ने गुणायचं नाही. कांदा हातात घेऊन बघा: मुळापासून शेंड्याकडे जाणाऱ्या रेषा पोटाशी लांब लांब असतात आणि शेंड्याला एकत्र येतात. रेखांशांचंही तसंच. नाशिक आणि दिल्लीच्या मधोमध एक अंश जेमतेम 101 किलोमीटरचा उरतो. म्हणजे पूर्वेकडे सुमारे 323. आता पायथागोरस लावला की 990 मिळतात. ही सरळ रेषा रतलाम आणि कोट्याजवळून जाते.

एवढ्या जवळच्या प्रवासात पृथ्वीचा गोलवा फारसा जाणवत नाही. लांबच्या प्रवासात तो थक्क करतो. मेक्सिकोतलं ग्वादालाहारा शहर नाशिकसारखंच 20 अंशांच्या आसपास, पण पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला आहे. नकाशावर आडवी रेघ धरून गेलं तर 18,500 किलोमीटर पडतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा: तो नाशिकहून जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, उत्तर ध्रुवाच्या साडेचारशे किलोमीटरच्या आतून जातो आणि अंतर भरतं सुमारे 15,500. कांद्याच्या एका बाजूच्या पोटावरून दुसऱ्या बाजूला जायला शेंड्यावरून जाणंच जवळचं!

आता भाचीचा प्रश्न. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे थांबणं, उतरल्यावर पुन्हा लांबलचक फेरा, हे सगळं त्यात आलं. शिवाय 850 हा वेग वरच्या विरळ हवेतला. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे ताशी 463 किलोमीटरची, म्हणजे 250 नॉटची मर्यादा असते. वर चढायला वीसेक मिनिटं जातात. खाली येणं त्याहून सावकाश: दर हजार फुटांना तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा जुना आडाखा आहे. 35,000 फुटांवरून उतरायला 105 सागरी मैल, म्हणजे 195 किलोमीटर लागतात. त्यातून दिल्लीच्या आकाशात गर्दी असेल तर रांगेत येण्यासाठी वळसेही घ्यावे लागतात. वाऱ्याचा वाटा वेगळाच. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो आडवा लागतो, म्हणून विमानाला नाक थोडं डावीकडे धरून उडावं लागतं.

भाचीने वहीत 195 चा आकडा रेषेवर मागे मोजला. जागा आली राजस्थानात, दौशाजवळ. "म्हणजे इंजिनाचा आवाज कमी झाला की खाली दौसा!" असं म्हणून तिने खिडकीची जागा मागून घेतली.