जुनी ब्रेक पॅडं फेकू नका, सोबत घेऊन या
कॉन्टेसा आणि बाकी जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी

राम राम मंडळी. जळगाव, भुसावळ, धुळे, कधी पार शहाद्याहून फोन येतात आणि बोलणं एकच असतं, "भाऊ, कॉन्टेसाचे पुढचे पॅड पाहिजे, ८८ चं मॉडेल आहे, पाठवून द्या." आम्ही विचारतो जुनं पॅड कुठंय, तर म्हणतात ते तर मिस्त्रीने भंगारात टाकलं. मग आम्ही अंदाजाने पाठवायचं, तुमच्याकडं ते बसायचं नाही, पार्सल परत, आठवडा गेला, आणि तोवर गाडी जॅकवर उभी. हा कागद खास त्यासाठीच छापलाय.

मॉडेल सांगून जुन्या गाडीचं पॅड मिळत नाही. कॉन्टेसा १९८४ ला आली आणि २००२ ला बंद झाली, त्याला वीस वर्षांच्या वर झाली. मधल्या काळात कोणाचं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गळायला लागलं, कोणाला ओरिजनल मिळालं नाही, मिस्त्रीने जे हाताला लागलं ते ब्रॅकेट बनवून बसवलं आणि गाडी चालू केली. यात चूक काही नाही, पण आरसी बुकात हे कुठं लिहिलेलं असतं? अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांनाही हेच बघावं लागतं. १९६५ च्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक यायचे, पुढं डिस्क पाहिजे असेल तर जादा पैसे भरून घ्यायची, म्हणजे एकाच वर्षाच्या दोन गाड्या आणि ब्रेक वेगळे. म्हणून आम्ही नावावर जात नाही, जुनं पॅड टेबलावर ठेवतो, व्हर्नियर लावतो, लांबी, उंची, जाडी, कानाची (पॅड अडकवायच्या टोकाची) जागा बघतो, मगच डबा काढतो.

दुसरं, जे लोकांना माहीतच नसतं. डब्यात तुमचं माप नसलं तर जुन्या लोखंडी प्लेटवर नवीन लायनिंग (घासणारं मटेरियल) चिकटवून, दाबून, भट्टीत पक्कं करून देता येतं. आम्ही ते काम करून देतो, चार-पाच दिवस लागतात. पण प्लेटच भंगारात गेली असेल तर चिकटवायचं कशावर? तुमच्या गाडीच्या मापाची ती प्लेट नव्या पॅडपेक्षा जास्त मोलाची आहे, गंजलेली असली तरी आणा, आम्ही घासून घेतो.

आणि तिसरं म्हणजे जुनं पॅड बोलतं. मागच्या उन्हाळ्यात चाळीसगावकडचे एक काका पांढरी कॉन्टेसा घेऊन आले, कन्नड घाट उतरताना गाडी डावीकडं ओढते अशी तक्रार, दोन वेळा पॅड बदलून झालेले. बरं झालं त्यांच्या डिक्कीत आधीची जोडी पेपरात गुंडाळून पडलेली होती. उघडून पाहिलं तर डावीकडच्या पॅडवर जेमतेम तीन एमएम मटेरियल आणि उजवीकडचं जवळपास नवं. म्हणजे उजव्या कॅलिपरचा पिस्टन जाम, ब्रेक एकटं डावं चाकच लावत होतं. पिस्टन साफ केला, सील किट टाकलं, रबरी होज आतून फुगलेला होता तो बदलला, गाडी सरळ. पॅडमध्ये काही दोष नव्हताच, दोन जोड्यांचे पैसे उगीच गेले. म्हणून चारही पॅड आणा आणि प्रत्येकावर खडूनं लिहा, डावं का उजवं, आतलं का बाहेरलं. पिनवर सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये आतलं जास्त झिजलं असेल तर पिना अडकलेल्या असतात. पॅड तिरपं झिजलं, काचेसारखं चकचकीत झालं, कडेला तेल दिसलं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

आता "कडक पॅड द्या, जास्त टिकेल असं". अहो, तुमची गाडी रविवारी निघते, लग्नाला निघते, वर्षाचे दोन-तीन हजार किलोमीटर. जास्त मेटलवालं पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाही आणि डिस्क खातं. पॅड परत मिळेल, कॉन्टेसाची डिस्क शोधताना दमछाक होते. पॅडच्या कडेला दोन अक्षरांचा कोड असतो, एफएफ, जीजी असा. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड, दुसरं तापल्यावरची. पकडीचा (घर्षणाचा) आकडा असा, ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.४५ पर्यंत, जी ०.५५ पर्यंत. घरच्या वापराला आम्ही एफएफ देतो. कोडच नसलेला सुटा माल दुकानात ठेवत नाही, स्वस्त मिळतो तरी नाही. एका चाकाची जोडीही विकत नाही, पुढचे दोन्ही चाकं सोबतच.

एकदा फिट केलेलं पॅड परत घेत नाही, यावरून काही जण रुसतात. पण तुमच्या डिस्कवर घासलेलं पॅड दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवं म्हणून कसं देऊ? माप आम्ही फुकट घेतो, ते आधी करून घ्या.

बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या स्पीडवरून वीसपर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, असं आठ-दहा वेळा, मधे थोडं चालवून थंड होऊ द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो, "भाऊ, गाडी थांबस नही." ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सोबतच बदला, ते हवेतलं पाणी ओढतं आणि तापल्यावर उकळतं. डॉट चार ग्रेडचं ऑइल नवं असताना २३० डिग्रीला उकळतं, पाणी शिरल्यावर १५५ ला. जुन्या पॅडची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

यायला जमत नसेल तर जुनं पॅड पट्टीशेजारी ठेवून समोरून, मागून, कडेनं असे तीन फोटो पाठवा, आणि एक कॅलिपरचा. मापात शंका वाटली तर आम्ही प्लेट कुरियरने मागवू, तेव्हा परत सांगतो, मिस्त्रीला आजच सांगून ठेवा की काढलेले पॅड डिक्कीत टाक म्हणून.